दहा बाय बाराच्या खोलीतला स्टीरिओ

घरी नीट गाणे ऐकावे, त्यासाठी दोन चांगले स्पीकर घ्यावेत, असे मनात आणणाऱ्या माणसाला अहिल्यानगर जिल्ह्यात (सरकारी नाव २०२४ मध्ये बदलले, बोलण्यात अजून नगरच आहे) सल्ले तीन दिशांनी येतात. दुकानदार वॅट सांगतो. मंडप-डेकोरेशनच्या धंद्यातला मित्र म्हणतो, वूफर बारा इंचीच पाहिजे. पुण्या-मुंबईचा एखादा हौशी नातेवाईक इंग्लंडमधल्या कंपनीचे नाव घेतो आणि बाकी सगळे कचरा आहे असे सांगून मोकळा होतो. हे स्पीकर कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीजवळ वाजणार, हे तिघांपैकी कोणीही विचारत नाही. घरच्या स्टीरिओबद्दल जगभर जे वाद चालतात त्यांतही हा प्रश्न बहुतेकदा शेवटी येतो. प्रत्यक्षात त्याची जागा पहिली आहे, असे माझे मत आहे. ते कशावरून, ते पुढे येईलच. मिरवणुकीतल्या आवाजाच्या भिंतींचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे, तो इथे घेतलेला नाही. इथे विषय आहे तो घरात, दोन स्पीकरसमोर बसून ऐकण्याचा.

डेकपासून ब्लूटूथपर्यंत

आपल्याकडे घरातले ऐकणे रेडिओने घडवले. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' प्रसारित झाले, तेव्हा घरोघरी ते एकाच स्पीकरच्या व्हॉल्व्ह रेडिओवर ऐकले गेले. दोन कानांसाठी दोन वेगळे प्रवाह ही कल्पना ॲलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्येच पेटंट केली होती, पण स्टीरिओ तबकड्या बाजारात यायला १९५८ उजाडले आणि आपल्या घरांत स्टीरिओ खऱ्या अर्थाने शिरला तो कॅसेटच्या जमान्यात.

तोही कंपनीच्या खोक्यातून कमीच. ऐंशीच्या दशकात तालुक्याच्या गावी जो 'डेक' वाजायचा तो बहुतेकदा स्थानिक मेकॅनिकने जुळवलेला असे. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणायचे, ॲम्प्लिफायरची पाटी बसवायची आणि सुताराकडून सनमायका लावलेले प्लायवूडचे दोन डबे करून घ्यायचे. या उद्योगातली कारागिरी खरोखर वाखाणण्यासारखी होती. एक गोष्ट मात्र त्यात नव्हती: डब्याचे माप वूफरवरून निघत नसे, ते प्लायच्या शीटमधून काय निघते यावर ठरे.

हे महत्त्वाचे अशासाठी की, स्पीकरच्या शास्त्रातली सर्वांत मोठी झेप नेमकी डब्याच्या मापात झाली होती. हलत्या कॉइलचा स्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडला आणि मूळ रचना आजही तीच आहे. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी दाखवले की, हवाबंद लहान डब्यातली हवाच स्प्रिंगचे काम करते आणि कपाटाएवढ्या पेटीशिवायही खोल खर्ज मिळतो. पुढे ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला असे गणित बसवले की, वूफरची काही मोजमापे हाती असली तर डबा किती लिटरचा आणि त्याच्या भोकाची नळी किती लांब, हे कागदावर काढता येते. हे गणित सुतारापर्यंत पोचले नाही. परिणामी खर्जाच्या एकाच पट्टीत 'बूम' करणारे डबे घरोघरी गेले आणि त्यालाच दमदार आवाज म्हणायची कानाला सवय लागली. ही सवय आजच्या खरेदीतही डोकावते.

उदारीकरणानंतर चकचकीत मिनी-सिस्टिम आल्या आणि त्यांच्या खोक्यांवर 'पीएमपीओ' नावाचा आकडा आला. क्षणभराच्या कमाल ताकदीचा, ज्याला कुठलाही एक मान्य नियम नाही असा हा आकडा. हातात मावणाऱ्या पेटीवर हजार-दोन हजार वॅट छापलेले असत. मग होम थिएटर, मग साउंडबार, मग ब्लूटूथचा डबा. सोय वाढत गेली. पण दोन स्पीकर एकमेकांपासून सहा-सात फूट दूर ठेवून मधोमध बसायचे, ही स्टीरिओची मूळ अट या प्रवासात मागे पडली. एका पट्टीत बसवलेले डावे-उजवे स्पीकर टीव्हीतले संवाद स्पष्ट करतात. ज्याला तेवढेच हवे त्याने पुढचे वाचायची गरज नाही.

मोजणारे आणि ऐकणारे

जाणकारांच्या जगात मुख्य दोन पक्ष आहेत.

पहिला मोजमापाचा. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी ऐंशीच्या दशकात स्पीकर पडद्याआड ठेवून माणसांना ऐकवले. कंपनीचे नाव आणि किंमत झाकली की लोकांच्या आवडी आश्चर्य वाटावे इतक्या जुळतात, हे त्यातून पुढे आले. ज्याचा समोरचा आवाज सर्व स्वरांना सारखा न्याय देतो आणि बाजूला जाणारा आवाजही त्याच चालीने हळूहळू उतरतो, तो स्पीकर लोकांना आवडतो. पुढे हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टूल यांनी १९९४ मध्ये ४० कर्मचाऱ्यांना तेच स्पीकर पाहून आणि न पाहता असे दोन्ही प्रकारे ऐकवले. पाहून दिलेल्या गुणांवर आकार, रूप आणि नाव यांची छाप स्पष्ट होती. २००४ मध्ये ऑलिव्ह यांनी ७० स्पीकरांच्या नुसत्या मोजमापांवरून ऐकणाऱ्यांची पसंती वर्तवणारे सूत्र मांडले, त्याचा सहसंबंध ०.८६ इतका निघाला. त्या सूत्रात सुमारे ३० टक्के वजन एकट्या खर्जाच्या खोलीला आहे. डेकोरेशनवाल्या मित्राचे म्हणणे अगदीच निराधार नाही म्हणायचे!

दुसरा पक्ष कानाचा. तो म्हणतो, प्रयोगशाळेत काही मिनिटे ऐकणे वेगळे आणि घरी वर्षानुवर्षे ऐकणे वेगळे. तो उदाहरणे देतो तीही वजनदार. बीबीसीने बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांतल्या अडचणीच्या जागेसाठी सत्तरच्या दशकात एलएस३/५ए नावाचा छोटासा मॉनिटर स्पीकर तयार केला. त्याला खोल खर्ज नाही, मोठा आवाज तो काढत नाही, पण माणसाचा गळा त्यावर असा उमटतो की पन्नास वर्षांनी आजही त्याच्या आवृत्त्या निघतात. पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीचा १९५७ चा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आवाज अरुंद पट्ट्यात फेकतो, म्हणजे आधुनिक निकषांत सहज बसत नाही, तरी त्याचे चाहते हटत नाहीत. आपल्याकडेही या वाटेने गेलेले लोक आहेत: पुण्याच्या केडन्सने इलेक्ट्रोस्टॅटिक पडदा आणि साधा वूफर यांचा संकर करून स्पीकर बनवले, कोचीच्या रेथमने जवळजवळ सगळा आवाज एकाच कोनमधून, म्हणजे स्पीकरच्या एकाच थरथरत्या पडद्यातून, काढण्याचा आग्रह धरला.

या दोन पक्षांत बाहेरून दिसते तेवढी दरी नाही. बीबीसीचे अभियंते मोजतही होते आणि ऐकतही होते. टूल यांची सगळी मोजमापे शेवटी माणसाच्या कानाशीच ताडून पाहिलेली आहेत. मोजमाप वाईट स्पीकर चाळून काढते; उरलेल्या चांगल्यांतून आपला निवडायला कान लागतो, असे मी मानतो. नगरसारख्या ठिकाणी, जिथे दहा जोड्या शेजारी ठेवून ऐकायची सोय क्वचितच मिळते, तिथे छापील आलेख जास्त उपयोगी पडतो. आता बऱ्याच स्पीकरांची सर्व बाजूंनी केलेली मोजमापे सीटीए-२०३४ या पद्धतीने उघड उपलब्ध आहेत. रेघ कमीत कमी डोंगर-दऱ्यांची असावी, एवढे पाहायला इंजिनिअर असावे लागत नाही.

खोली

आता मुद्द्याकडे. नगरच्या बाजूला सावेडी-केडगावच्या नव्या वस्त्यांत किंवा तालुक्याच्या गावच्या बंगलीत हॉल सोडला तर खोली असते दहा बाय बारा फूट, वर दहा फुटांवर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, प्लॅस्टर केलेल्या उघड्या भिंती. या खोलीचे आकारमान सुमारे ३४ घनमीटर भरते. हार्वर्डच्या वॉलेस सेबाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवलेले सूत्र लावले तर अशी पूर्ण रिकामी खोली टाळीचा आवाज विरवायला जवळपास तीन सेकंद घेईल. गाणे ऐकायला हवा अर्धा सेकंद किंवा त्याहून थोडा कमी. तीन सेकंद घुमणाऱ्या खोलीत कितीही लाखांचा स्पीकर ठेवा, शब्दावर शब्द चढणारच.

यावर उपाय महाग नाही. भरलेली कपाटे, जाड पडदे, दिवाणावरची गादी, खाली सतरंजी, पुस्तकांची मांडणी, आणि आपल्या भागात सहज मिळणारी घोंगडी. भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर सोडून टांगलेली जाड घोंगडी मधले आणि वरचे स्वर चांगले शोषते. खर्जाला मात्र ती काहीही करत नाही, आणि खरी गंमत खर्जातच आहे.

खोलीच्या लांबी-रुंदी-उंचीशी जुळणारे स्वर खोलीत फुगतात. बारा फुटांच्या बाजूला ४७ हर्ट्झ, दहा फुटांच्या बाजूला ५६. उंचीही दहा फूट, म्हणजे पुन्हा ५६. एकाच स्वरावर दोन बाजूंचा जोर. खोली दहा बाय दहा आणि स्लॅबही दहावर असेल तर तिन्ही बाजू त्याच ५६ हर्ट्झवर येऊन बसतात. ध्वनीच्या दृष्टीने याहून वाईट माप नाही, आणि आपण सर्रास हेच माप बांधतो. या आकाराच्या खोलीत साधारण २४० हर्ट्झच्या खाली स्पीकरपेक्षा खोलीचे राज्य चालते, असे मॅनफ्रेड श्रोडर यांच्या सूत्रावरून निघते. आता आपल्या गाण्यात त्या रेषेखाली काय काय येते? डग्ग्याचा घुमारा, पखवाजाचे कणीक लावलेले तोंड, तानपुऱ्याची खर्जाची तार, पुरुष गायकाचा बराचसा आवाज.

एक हिशेब पाहा. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा. स्पीकरमधून निघालेला आवाज मागच्या भिंतीवर आपटून परततो, आणि स्पीकरपासून भिंतीपर्यंतचे अंतर तरंगलांबीच्या पाव असेल तर परतणारा आवाज मूळ आवाजाला मारतो. १३९ हर्ट्झला हे पाव अंतर येते सुमारे ६२ सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट. स्पीकरचा कोन मागच्या भिंतीपासून बरोबर दोन फुटांवर आला तर गायकाचा षड्जच पातळ होतो. स्पीकर फूटभर खोल असेल आणि मागे फूटभर जागा सोडली, तर हेच घडते. दोष मग दिला जातो स्पीकरला. तो सहा इंच पुढे-मागे सरकवून पाहणे हा फुकटचा उपाय आहे. उलट, स्पीकर कोपऱ्यात ढकलला की जमीन आणि दोन भिंती मिळून खर्ज तत्त्वतः कैक पटींनी फुगवतात; जुन्या डेकची 'बूम' बरीचशी तिथली होती.

जुनी घरे या बाबतीत नशीबवान. माळवदाच्या घरात मातीच्या जाड भिंती आणि वर लाकूड-मातीचे छत; त्यात घुमणे कमी. पत्र्याच्या घरात खर्ज वाढवला की पत्राच वाजायला लागतो, तिथे छोटे, खर्ज आवरते घेणारे स्पीकर हेच शहाणपण.

आणखी एक बाब, जी परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. ट्विटर, म्हणजे वरचे स्वर काढणारा छोटा कोन, कानाच्या उंचीवर असावा असा नियम आहे आणि स्टँड विकले जातात ते खुर्चीत बसणाऱ्यासाठी, साधारण दोन फुटांचे. सतरंजीवर मांडी घालून ऐकणाऱ्याचा कान जमिनीपासून अडीच फुटांवर असतो. त्याला स्टँड बुटका हवा, नाहीतर स्पीकर थोडा खाली कलवायला हवा. माळ्यावर किंवा कपाटावर चढवलेले स्पीकर सत्यनारायणाच्या पूजेला ठीक.

गाणे कोणते

निवडीत दुसरा प्रश्न संग्रहाचा. भावगीते, नाट्यगीते, जुने अभंग यांचा मोठा ठेवा मोनो आहे. मोनो ध्वनिमुद्रण दोन जुळ्या स्पीकरवर वाजवले की गायक बरोबर मधोमध उभा राहतो, पण दोन्ही स्पीकर खरेच जुळे असतील तरच. त्यामुळे जुन्या गाण्यांच्या शौकिनाने स्टीरिओच्या पसाऱ्यापेक्षा जोडीतल्या सारखेपणाकडे आणि मधल्या स्वरांच्या स्वच्छपणाकडे पैसे वळवावेत. ७८ आरपीएमच्या तबकडीत वरचे स्वर मुळातच थोडे असतात; तिथे झळाळता ट्विटर फक्त खरखर मोठी करतो.

संगमनेर-जामखेड पट्ट्यातल्या तमाशा-लावणीच्या ढोलकीला, हलगीला, संबळाला वेगळे काही लागते. थाप क्षणात उठते आणि क्षणात मरते. जो वूफर थांबायला वेळ घेतो त्यावर दोन थापांमधली जागा भरून जाते. इथे बंद डब्याचे स्पीकर बऱ्याचदा बरे वाटतात, भोकाच्या डब्यापेक्षा त्यांचा खर्ज थोडा उथळ असला तरी. आणि 'सैराट'सारखे ध्वनिमुद्रण, ज्याचा वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित झाला, त्याला खोल खर्ज आणि रुंद पसारा दोन्ही हवे. एकाच जोडीने तिन्ही उत्तम होणे अवघड आहे. आपण आठवड्यात सर्वांत जास्त काय ऐकतो, हे प्रामाणिकपणे पाहिले की यादी निम्मी होते.

आकार, वॅट, वायर, दुरुस्ती

उभे टॉवर की शेल्फवरचे लहान? दहा बाय बाराला पाच ते साडेसहा इंची वूफरचे लहान स्पीकर पुरतात, यावर बहुतेक जाणकारांचे एकमत आहे. टॉवरचा जास्तीचा खर्ज लहान खोलीत अनेकदा अडचणच ठरतो.

वॅटचा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. स्पीकरची संवेदनशीलता सोबत पाहावी लागते: एका वॅटला एका मीटरवर किती डेसिबल. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. म्हणून ८४ डेसिबलच्या स्पीकरला ९० डेसिबलच्या स्पीकरइतके वाजायला चौपट वॅट लागतात. ८६-८७ डेसिबलचा स्पीकर दोन मीटरवरून ऐकताना गाण्याच्या मोठ्या झोतालाही दहा-पंधरा वॅट पुष्कळ झाले. खरे चाळीस-पन्नास वॅट देणारा ॲम्प्लिफायर घरासाठी भरपूर आहे. शेजाऱ्यांचाही विचार हवाच: २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

वायरीवर फार बोलण्यासारखे नाही. घराच्या वायरिंगची अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पाच मीटर ओढली तर जाऊन-येऊन रोध ०.०७ ओहम भरतो, आठ ओहमच्या स्पीकरला तो एक टक्काही नाही. महागड्या वायरीने आवाज 'उघडतो' म्हणणारे आहेत. पडद्याआडच्या चाचणीत हा दावा टिकलेला नाही.

स्पीकरच्या आतच ॲम्प्लिफायर असलेले 'ॲक्टिव्ह' स्पीकर घ्यावेत की वेगळा ॲम्प्लिफायर, हा वाद जास्त खरा आहे. ॲक्टिव्हमध्ये प्रत्येक कोनला स्वतःचा ॲम्प्लिफायर मिळतो, जुळणी कारखान्यातच होते, त्याच पैशात आवाज अनेकदा सरस असतो. स्टुडिओंनी ते कधीच स्वीकारले. पण गावाकडे व्होल्टेज वर-खाली होते, उन्हाळ्यात खोली तापते, आणि आतली पाटी गेली तर सर्व्हिस सेंटर सव्वाशे किलोमीटरवर पुण्यात. साध्या स्पीकरचा वूफर गेला तर कॉइल बांधून देणारा, कोनभोवतीची रिंग बदलून देणारा माणूस जिल्ह्यात मिळतो. म्हणूनच जुनी जोडी घेणेही वाईट नाही. फक्त कोनभोवतीची रिंग फोमची असेल तर दहा-पंधरा वर्षांत ती भुगा होते, बोटाने हलकेच दाबून पाहावी. रबराची रिंग कितीतरी जास्त टिकते. देशी की परदेशी या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे: कोलकात्याची सोनोडाइन १९७० पासून या धंद्यात आहे, आणि सुटे भाग मिळण्याची शक्यता हा आवाजाइतकाच वजनाचा मुद्दा धरायला हरकत नाही.

जे सुटलेले नाही

बाजूच्या भिंतींवरून परतणारा आवाज मारावा की राहू द्यावा? टूल यांचा कल राहू देण्याकडे, कारण चांगल्या स्पीकरचा परतलेला आवाजही चांगलाच असतो आणि पसारा वाढवतो. स्टुडिओवाले तो शोषून घेतात. उघड्या प्लॅस्टरच्या अरुंद खोलीत मी स्टुडिओवाल्यांच्या बाजूने आहे, पण हा कौल अंतिम नाही.

मोबाइलला जोडलेल्या मायक्रोफोनने खोली मोजून आवाज सुधारणारी यंत्रे आली आहेत. फुगलेला स्वर ती छान कापतात. भिंतीने मारलेला स्वर मात्र ती भरू शकत नाहीत. जितका पुरवाल तितका भिंत मारते. हरमनच्याच टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये दाखवले की, समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर खोलीतला खर्ज एकापेक्षा जास्त सारखा पसरवतात. दहा बाय बारात दिवाण, टीव्हीचे कपाट आणि माणसे सांभाळून दोन सबवूफर मावतील का, हा प्रश्न वेल्टींच्या कक्षेबाहेरचा आहे.

आणि सर्वांत रोचक प्रश्न आपला आहे. पसंतीची ती सूत्रे ज्या ध्वनिमुद्रणांवर उभी राहिली ती प्रामुख्याने पाश्चात्त्य. ट्रेसी चॅपमन यांचे 'फास्ट कार' हे त्या चाचण्यांतले ठरलेले गाणे. तानपुऱ्याची जवारी म्हणजे एका तारेतून उठणाऱ्या कितीतरी स्वरांचे सतत बदलते जाळे. तबल्याच्या शाईतून निघणारा स्वर आणि डग्ग्याची मींड हेही पाश्चात्त्य ढोलाहून वेगळे. सपाट रेघेचा स्पीकर यांनाही न्याय देईल असे तर्क सांगतो. पण आपल्या कानांनी, आपल्या गाण्यावर, पडद्याआड बसून ते तपासण्याजोगे आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. दोन जोड्या, एक चादर, आवाजाची पातळी सारखी करायला मोबाइल आणि चार चोखंदळ कानसेन एवढे पुरते. नगर-संगमनेर-श्रीरामपूरच्या संगीतप्रेमी मंडळींनी एखाद्या रविवारी हे जरूर करून पाहावे.

तोवर खरेदीला जाताना दोन गोष्टी बरोबर न्याव्यात. एक, पेन ड्राइव्हवर आपली तीन गाणी: तानपुऱ्यासह एक गळा, एक ढोलकीची लावणी, एक आजच्या काळातले. दुसरी, कागदावर खोलीची लांबी-रुंदी-उंची आणि भिंतीपासून स्पीकर किती पुढे ठेवता येईल ते अंतर. घरी दोन दिवस वाजवून परत देण्याची मुभा आधी मागावी आणि ती न देणाऱ्याकडून महाग जोडी घेऊ नये.